कुत्री अर्धीच कातरायची

पहिली मेंढी कालव्यात पडली तेव्हा माझ्या हातात कातर होती. दुसरी पडली, तिसरी पडली, आणि मग मोजण्यासारखं काही राहिलं नाही. मेंढरांचं असं असतं की पुढची जिकडे गेली तिकडे मागची जाते. पुढं खड्डा आहे की पाणी, हे मागचीला दिसत नाही आणि दिसलं तरी ती थांबत नाही. कालव्याला सिमेंटचा उतार, त्यावर शेवाळ, आणि खाली रब्बीच्या पिकांसाठी सोडलेलं पुरुषभर पाणी. मेंढी उतारावर पाय ठेवायची, घसरायची आणि पाण्यात जायची.

झिपरी, म्हणजे आमची कुत्री, त्यांना अडवायला धावली. ती जितकी जवळ जायची तितकी मेंढरं तिच्यापासून लांब, म्हणजे पाण्याकडे सरकायची. सहा वर्षं ही मेंढरं तिच्या भरवशावर चरली, बसली, झोपली. आज तिलाच बघून पळत होती. झिपरी थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती भुंकली.

तिनं भुंकायला नको होतं. पण तिची चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती कशी झाली हे कळायला आमची कुत्री काय असतात ते आधी सांगावं लागेल.

आम्ही धनगर. आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ, पावसाळ्याचे चार महिने गावाजवळ. मेंढरं आणि त्यांच्याबरोबर चालणारं बिऱ्हाड, या सगळ्याला मिळून आम्ही वाडा म्हणतो. शेतकरी पीक निघाल्यावर रिकाम्या रानात वाडा बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. शाळा फक्त त्या चार महिन्यांत, त्यामुळे मला चौथी व्हायला सात वर्षं लागली. पुढं शिकायचं कुणी सुचवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

धनगराचं कुत्रं म्हटलं की लोकांना उकिरड्यावरचं कुत्रं वाटतं. आमचं तसं नव्हतं. उंची मेंढीएवढी, छाती रुंद, आणि नाकापासून शेपटीपर्यंत केसच केस. पाठीवर वीतभर, कानाला झालरी, डोळ्यांवर झुलपं. डोळे कुठं आहेत ते हातानं केस बाजूला करून बघावं लागायचं. रंग करडा, नाहीतर राखेसारखा. कळप बसलेला असला की त्यात कुत्रं कुठलं ते लांबून ओळखू यायचं नाही. तेच तर पाहिजे असतं. लांडग्यालाही ओळखू येत नाही.

हा वाण आला कुठून ते मला माहीत नाही. माझी आई सांगायची की निजामाच्या राज्यात काबुली पठाण हिंग आणि घोडे विकत फिरायचे, त्यांच्या मागं अशी कुत्री असायची, ती आमच्या कुत्र्यांत मिसळली. माझे मामा म्हणायचे की पठाणाबिठाणाचं काही नाही, ही बालाघाटाच्या डोंगरातली आपलीच कुत्री. एकदा एक शिकलेला माणूस वही घेऊन आला होता. त्यानं कान मोजले, शेपूट मोजली, दात बघितले आणि या जातीला काय म्हणतात ते मला विचारलं. मी म्हणाले, झिपरं कुत्रं. त्याला ते नाव पटलं नाही. वहीत लिहिलं नाही त्यानं.

एक गोष्ट मात्र मला पक्की माहीत आहे, कारण ती आमच्या घरातली आहे. वाडा बापाकडून मुलाकडे जातो, पण कुत्री आईकडून लेकीकडे जाते. लेक सासरी निघाली की तिच्या आईनं आपल्या कुत्रीच्या पोटची एक मादी तिला द्यायची. नर कुणालाही द्यावा, मादी फक्त लेकीला. विकायचं तर काहीच नाही. माझं माहेर चकलांब्याकडचं. लग्न लागल्यावर आईनं डालग्यात घालून दीड महिन्याचं पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं. सासरी पोचेपर्यंत ते माझ्या नव्या लुगड्यावर दोनदा मुतलं. सासू म्हणाली, सून बरी दिसती, कुत्री लई चांगली दिसती. आमच्यात याला कौतुक समजतात.

पिल्लाचे डोळे उघडले की त्याला आईपासून काढून कोकरांच्या डालग्यात टाकायचं. यात हयगय करायची नाही. रात्रंदिवस कोकरांच्या अंगाला अंग लावून पडलं की ते स्वतःला कोकरूच समजतं, आणि कोकरंही त्याला आपल्यातलं समजतात. दोघं बरोबरच वाढतात. कोकराची मेंढी होते तेव्हा तिला या कुत्र्याची भीती ठाऊकच नसते. बाकी सगळ्या कुत्र्यांना ती बुजते. म्हणून आमचं कुत्रं मेंढरांना हाकत नाही, चावत तर नाहीच. ते कडेनं चालतं. नुसतं जाऊन उभं राहतं, खांद्यानं रेटतं आणि मेंढरं वळतात.

आणि भुंकत नाही. हे नीट लक्षात ठेवा. मेंढरं वळवताना आमची कुत्री तोंड उघडत नाहीत. ती भुंकली म्हणजे लांडगा आला, एवढा एकच अर्थ मेंढरांना माहीत असतो.

खायला बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, ताकात कुस्करून. मेलेलं मेंढरू कुत्र्यासमोर सोलायचं नाही, त्याचं कच्चं मांस तोंडाला लागू द्यायचं नाही. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, कारण लांडगा आधी नरडं धरतो. कानात आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघायचं. रानातली कुसळं तिथं शिरतात आणि आत आत जातात. गोचिडीला करंजाचं तेल.

केस कशाला पाहिजेत, उन्हात त्रास होत असेल, असं लोक विचारायचे. पाटोद्याच्या माळावर एकदा सकाळी माझ्या डोळ्यांसमोर लांडग्यानं आमच्या कुत्रीची मान धरली. ती आईनं दिलेलीची नात, तिचं नाव काळी. पट्टा आदल्या दिवशी तुटला होता. लांडग्यानं दोनदा झटका दिला आणि तोंडात केसांचा बोळा घेऊन बाजूला झाला. त्याला कातडं सापडलंच नाही. तो बोळा थुंकत बसला तेवढ्यात काळीनं त्याचा पाय धरला. ऊनही तसंच. ते केसांवर थांबतं, अंगापर्यंत जात नाही.

नर मागायला लोक यायचे. मी देत होते, पण द्यायला नको होते. लिंबागणेशकडच्या एका मोसंबीवाल्यानं राखणीला नेला आणि साखळीनं बांधला. महिन्यानं माझ्याकडे तक्रार घेऊन आला की कुत्रं खात नाही, उठत नाही, नुसतं पडून राहतं.

"मेंढरं किती हायेत तुमच्याकडं?" मी विचारलं.

"मेंढरं न्हाईत वो मावशी. मोसंबीची झाडं हायेत."

"झाडं काय पळून जात्यात? मग त्यानं उठून करायचं काय?"

अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांनी घरी पाळायला नेला होता. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला पंचवीस-तीस पोरं जमली. ती घरभर पसरलेली बघून कुत्र्याला राहवेना. त्यानं एकेकाला डोक्यानं ढकलत एका कोपऱ्यात गोळा केलं आणि स्वतः दारात बसला. पोरांचे आईबाप न्यायला आले तर सोडायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याला गाडीत घालून परत घेऊन आले. म्हणाले, "मावशी, हा चावत नाही कुणाला. पण कुणाला घरीही जाऊ देत नाही." मी ठेवून घेतला. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं.

आता केस कातरायचं.

मेंढरं आम्ही वर्षातून दोनदा कातरतो. कुत्र्यांचे केस दोन वर्षांतून एकदा उतरवावे लागतात. गाठी होतात, त्यात कुसळं अडकतात, गोचीड घर करते. पण कुत्री एका दिवसात कधीही पुरी कातरायची नाही. आज एक अंग, पंधरा दिवसांनी दुसरं. तेही मेंढरांच्या मधोमध बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि त्या दिवसांत आंघोळ घालायची नाही. माझ्या आईनं हे मला कातर हातात देतानाच सांगितलं होतं.

"मेंढराला डोळ्याची आन् नाकाची वळख असती. समदी एकदम मोडू नको. अर्धी ठिव."

त्यामुळे दर दोन वर्षांनी पंधरा दिवस आमची कुत्री एका बाजूनं झिपरी आणि दुसऱ्या बाजूनं भुंडी हिंडायची. दिसायला वाईट दिसायची हे खरं आहे. बाजाराला गेलं की लोक विचारायचे, मावशी, कातर मोडली काय. माझे मालक होते तोवर ते हसून सांगायचे, न्हाई, कातरणारी रुसली. मालक जाऊन आता बारा वर्षं झाली.

माझी लेक सुंदर. तिला गेवराईला दिलं. जावई टेम्पो चालवतात, माणूस सरळ. लग्नाच्या वेळी मी रीतीप्रमाणे मादी पिल्लू काढून ठेवलं होतं. सुंदरनं ते घेतलं नाही.

"माय, तिथं दोन खोल्या हायेत," ती म्हणाली. "कुत्री कुठं ठिवू? उशाला घिऊ?"

तिचं बरोबर होतं. मी वाद घातला नाही. नेमकी त्याच दिवसांत पिल्लाची आई अर्धी कातरलेली होती. जावयांनी तिला मांडवाच्या दारात बघितलं आणि सगळ्या पाव्हण्यांसमोर विचारलं, "मामी, ही अर्धी कुत्री आन् अर्धी बकरी हाय का?" मांडव हसला. मीही हसले. पण ते मनात राहिलं.

ते पिल्लू माझ्याकडेच वाढलं. तीच झिपरी.

पुढच्या पाच वर्षांत बाकीच्या माद्या गेल्या. झिपरीच्या आईला बिबट्यानं नेलं. माझ्या बहिणीच्या वाड्यावरच्या दोघी एका साथीत दोन दिवसांच्या अंतरानं मेल्या. मावसबहिणीनं मेंढरं मोडली, म्हणजे विकून टाकली, तिची कुत्री गावात राहून गावठी कुत्र्यांबरोबर लागली आणि पुढची पिल्लं आखूड केसांची झाली. मी विचारत विचारत गेले तर माझ्या आईच्या कुत्रीच्या पोटची, सगळे केस असलेली मादी एकच उरली होती, आणि ती माझ्या पायाशी बसली होती.

नरासाठी मी आणि माझा मुलगा सोपान आष्टीच्या पलीकडे एका वाड्यावर गेलो. दोन दिवस गेले त्यात. तिथला नर बघितला, त्याचे केस बघितले, तो मेंढरांत कसा वागतो ते दिवसभर बसून बघितलं. मुलीला स्थळ बघतानाही मी एवढा वेळ घेतला नव्हता. हे सुंदरला सांगितलं तर ती म्हणाली, माहीत हाय मला.

झिपरी गाभण राहिली. ते संक्रांतीच्या आसपास. आणि महिन्याभरानं सुंदरचा फोन आला. त्यांनी गावाबाहेर जागा घेऊन वीस शेळ्या केल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "माय, झिपरी व्याली की एक मादी मला ठिव."

बघू, म्हणाले मी. फोन ठेवला आणि मेंढरांना पाणी पाजायला गेले. आनंद झाला की मला काम काढून उठावं लागतं, बसवत नाही.

कातरणीच्या दिवशी सुंदर आणि जावई वाड्यावर येणार असं ठरलं. वाडा तेव्हा गेवराईच्या अलीकडे कालव्याच्या कडेच्या रानात बसला होता. झिपरीचे पंधरा-वीस दिवस राहिले असतील. पोट खाली आलं होतं. केसांच्या गाठी झाल्या होत्या, पोटाखाली गोचीड होती, आणि पिल्लांनी दूध प्यायच्या आधी ते सगळं काढायलाच हवं होतं. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

पण मला वाटलं, आज अर्धी कातरली तर जावई पुन्हा काहीतरी बोलतील. सुंदर पहिल्यांदा आपणहून कुत्री मागायला येते आहे, तिच्या नवऱ्यासमोर कुत्री नीट दिसली पाहिजे. मेंढरांत बसून कातरायला जागा नव्हती, सोपान आणि दुसरे दोघे कातरणीला बसले होते. म्हणून मी झिपरीला लांब, लिंबाच्या सावलीत घेऊन गेले. एक अंग कातरलं, मग दुसरं कातरलं. पोट, मांड्या, शेपूट, सगळं. डोक्याचे केस तेवढे ठेवले, ऊन डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मग बादलीत गोचिडीचं औषध कालवून तिला चोळून चोळून धुतलं.

सोपाननं लांबून बघितलं. हातातली मेंढी तशीच धरून तो म्हणाला, "माय, अर्धी ठिवायची असती ना?"

मी म्हणाले, तू तुझं कातर.

पन्नास वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता. मोडला तो पाव्हण्यांसाठी.

सुंदर आणि जावई दुपारी आले. झिपरी वाळून उभी होती. सुंदर तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माय, ही तर वळखूच येईना." मला ते बोलणं गोड लागलं. तिनं खाली बसून झिपरीच्या पोटावरून हात फिरवला आणि आत काही हलतंय का ते बघितलं. जावयांनी फोटो काढला. ते काही वाईट बोलले नाहीत. मी शेजारी कातर पुसत बसले होते.

झिपरीला आमच्यात करमेना. सकाळपासून ती मेंढरांपासून लांब होती. सुंदरचा हात बाजूला करून ती उठली आणि रोजच्यासारखी, सावकाश, कालव्याच्या कडेला बसलेल्या कळपाकडे निघाली.

घंटीवाली मेंढी, जिच्यामागं बाकीची चालतात, ती आधी उठली. तिनं पुढचा पाय आपटला. मेंढी पाय आपटते तेव्हा ती घाबरलेली असते. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं, पण मला वाटलं ऊन लागलं असेल. मग सगळी उठली. त्यांना काय दिसत होतं ते मला आता दिसतं. करड्या रंगाची, आखूड केसांची, बरगड्या दिसणारी, पोट लोंबणारी एक मादी त्यांच्याकडे चालत येत होती, आणि तिच्या अंगाला कधी न हुंगलेला वास होता. केस उतरल्यावर आमची कुत्री हुबेहूब लांडग्यासारखी दिसते. हे मला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत असतं, नियम त्यासाठीच आहे.

मेंढरं मागं सरली. झिपरीला ते कळेना. ती वळसा घालून पलीकडून जायला गेली, तर ती दुसरीकडे सरली. काठ जवळ आला. एक घसरली. आणि मग झिपरी भुंकली. तिच्या दृष्टीनं बरोबरच होतं. मेंढरं एवढी घाबरली म्हणजे लांडगा असणार, तिला तो दिसत नव्हता इतकंच. पण भुंकणं ऐकल्यावर मेंढरांची उरलीसुरली शंका गेली. निम्मा कळप पाण्यात गेला.

सोपान धावला, जावई धावले. खाली पन्नासेक पावलांवर कालव्याला पायऱ्या होत्या, तिथं आम्ही मेंढरांना पाणी पाजायचो. दुसरीकडे कुठून वर यायला जागा नव्हती. पण पाण्याला ओढ होती आणि मेंढरं पलीकडच्या भिंतीला लागून वाहत चालली होती. पायऱ्या आल्या असत्या आणि निघून गेल्या असत्या.

झिपरीनं उडी मारली. मी तिला हाक मारून परत बोलवत होते. मेंढरं जाऊ देत, तू ये, असं मी ओरडले. धनगराच्या बाईच्या तोंडून हे निघालं, आणि सोपाननं ते ऐकलं.

ती पोहत मेंढरांच्या मागं गेली. आणि तिथं एक गोष्ट झाली. पाण्यात तिचं अंग दिसत नव्हतं. औषधाचा वासही पाण्यात राहिला नसेल. वर दिसत होतं ते नुसतं डोकं, आणि डोक्याचे केस मी ठेवले होते. झुलपं, कानाच्या झालरी, सगळं जिथल्या तिथं. घंटीवालीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि ती पळायची थांबली. झिपरी पलीकडच्या भिंतीच्या आणि मेंढरांच्या मधे शिरली आणि रोज रानात लावायची तसा खांदा लावला. ती भुंकली नाही. घंटीवाली वळली, तिच्यामागं दुसऱ्या वळल्या.

जावई पायऱ्यांवर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. येईल तिला धरून वर ढकलत होते. कातरलेल्या मेंढीला धरायला लोकर नसते, कान नाहीतर पाय धरावा लागतो. पण कातरलेल्याच तरंगत होत्या. ज्यांची कातरणी अजून व्हायची होती त्यांच्या लोकरीत पाणी भरत होतं आणि त्या झिपरीच्या समोर एकेक खाली जात होत्या. सुंदर वरच्या पायरीवर होती, पदर खोचून. मी तिच्या खाली. कातर कुठं टाकली ते मला आठवत नाही, ती पुन्हा सापडली नाही.

पहिला घोळका वर आल्यावर झिपरी पायरीला टेकली आणि परत फिरली. दुसरा घोळका आणला आणि पुन्हा फिरली. तिसऱ्यांदा ती फिरायच्या आत सोपाननं पाण्यात वाकून तिच्या डोक्याचे केस धरले आणि तिला ओढून वर काढलं. धरायला तेवढेच केस होते.

ती काठावर आडवी झाली. तिच्या पोटाचे स्नायू आवळत होते. वाचलेली मेंढरं निथळत उभी होती, मग एकेक जवळ आली आणि तिला हुंगायला लागली. जावयांनी अंगातला सदरा काढला आणि गुडघ्यावर बसून तिला पुसायला लागले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते तिथं संपलं.

सुंदर माझ्याजवळ आली.

"माय, मी येनार म्हनून पुरी कातरलीस ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काही कारण असतं तर मी सांगितलं असतं.

तिनं माझा हात धरून ठेवला. आमच्यात असं सहसा करत नाहीत.

सोपाननं दीड वर्षापूर्वी मेंढरं मोडली. चारायला रान राहिलं नाही, आणि त्याच्या पोरांची शाळा बारा महिने असते, ते चांगलंच आहे. मी गावात स्लॅबच्या खोलीत राहते. पंखा आहे, नळ आहे. पाऊस लागत नाही, लांडगा नाही. शाळेतल्या बाईंनी अंकासाठी कुत्र्यांबद्दल लिहा म्हटलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर हे मी कुणाला सांगत नाही. मला कुत्र्यांची माया होती असं मी कधी म्हटलं नाही. ती कामाची होती आणि मी त्यांना भाकरी घालत होते. पण दुपारी आडवी झाले की पाठीला काहीतरी टेकलेलं असायचं. गरम, खरखरीत, कुसळांनी भरलेलं, श्वासाबरोबर वरखाली होणारं. पन्नास वर्षं असायचं. आता भिंत असते. झोपेत माझा हात मागं जातो आणि बोटं केसांत कुसळ शोधतात. हात भिंतीला लागला की जाग येते. परवा सून म्हणाली, आत्या, तुमी झोपेत भिंत कावून खाजवता?

गावाबाहेर निघाले की मी आजही वाटेवरच्या प्रत्येक वाड्याकडे वळून बघते. मेंढरं असतात. कडेला कुत्री असतात, चांगली असतात, आखूड केसांची. मी थांबून विचारते, झिपरी हाय का तुमच्यात. जुनी बाई असली तर तिला कळतं मी काय विचारते ते. ती नाही म्हणून मान हलवते आणि चहा घ्या म्हणते. तरण्या पोरींना शब्दच कळत नाही.

त्या दिवशी साठाच्या आसपास मेंढरं पाण्यात गेली. अकरा मेली, सगळी लोकरीसकट. घंटीवाली वाचली. झिपरी वाचली, त्यानंतर तीन वर्षं जगली, पण पुन्हा गाभण राहिली नाही. दहाव्या दिवशी ती वेळेआधी व्याली. चार पिल्लं होती. दोन माद्या मेलेल्याच आल्या, तिसरी मादी संध्याकाळपर्यंत होती. चौथा नर होता. तो जगला. सुंदरच्या शेळ्यांत आहे.